खिळ्यावरचा शेवटचा शब्द

धाकटीचं वय पंच्याऐंशी. हे ऐकून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं, तिला सवय आहे. घरात शेवटी जन्मली म्हणून धाकटी, आणि ते नाव असं चिकटलं की केस पिकले, गुडघ्यांनी संप पुकारला, नातवंडं नोकरीला लागली, तरी ती आपली धाकटीच. पूर्वी तिला या नावाने हाक मारणारी माणसं घरभर होती. आता एकच माणूस उरला होता, आणि त्याने अंथरूण धरलं होतं.

तो माणूस म्हणजे तिचा दादा. पाच वर्षांनी मोठा, म्हणजे नव्वदीला जेमतेम महिनाभर कमी. त्याच्या सुनेचा फोन आला तेव्हा धाकटी गॅसपाशी उभी राहून दुधावर पहारा देत होती.

"आत्या, तुम्ही येता का जरा?" सून म्हणाली. "बाबा उठतच नाहीत. डॉक्टर म्हणतात शरीराला काही झालेलं नाही."

"मग काय झालंय?"

"मनच नाही म्हणतात. आई गेल्यापासून हळूहळू सगळं सोडलं त्यांनी. आता तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. चार चमचे सूप घेतात, तेही मी रडकुंडीला आले की."

दूध उतू गेलं. धाकटीने गॅस बंद केला, ओटा तसाच ठेवला आणि कपाटावरची बॅग खाली काढायला स्टूल शोधायला गेली. पंच्याऐंशीव्या वर्षी स्टुलावर चढू नये असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं, पण बजावणारे त्या वेळी घरात नव्हते.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं, बॅग हातातून घेतली आणि नजरेनेच आतली खोली दाखवली. धाकटी मात्र आधी स्वयंपाकघराकडे वळली. दाराच्या चौकटीत, डोक्याच्या थोडं वर, खिळा होता. खिळ्याला दोरा आणि दोऱ्याला कार्ड. कडा तपकिरी पडलेल्या, एक कोपरा दुमडलेला, पण अक्षरं ठसठशीत. त्यातलं एक अक्षर जरा वर उडालेलं. ते अक्षर पाडणारं टाइपिंगचं यंत्र तिला झोपेतसुद्धा ओळखता आलं असतं. कार्डावर एकच शब्द होता, नॉनॅजेनेरियन.

"आहे अजून," ती म्हणाली.

"त्याला कोण हात लावतंय?" सून म्हणाली. "रंगारी आला होता तेव्हा बाबा स्वतः खुर्ची टाकून त्याच्यावर लक्ष ठेवून बसले होते."

आता हे कार्ड काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, आणि त्यासाठी अण्णांपर्यंत मागे जायला हवं.

अण्णा म्हणजे या दोघांचे वडील. त्यांचा टायपिंगचा क्लास होता. पुढच्या मोठ्या खोलीत दोन रांगांत यंत्रं, प्रत्येकाखाली जाड बनातीचा तुकडा, आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टकटक, ओळ संपली की टिंग, मग कॅरेज ओढल्याचा खर्र आवाज. ही भावंडं त्या आवाजात झोपायची आणि रविवारी यंत्रांवर कव्हरं चढली की शांततेने दचकून जागी व्हायची. अण्णांचे कान तर असे तयार की ते आत जेवायला बसलेले असोत, बाहेर कुणाची बोटं घसरली तर घास तोंडात तसाच ठेवून ओरडायचे, "तिसरं यंत्र! करंगळी!" आणि तिसऱ्या यंत्रावरचा विद्यार्थी खरोखर करंगळीऐवजी भलतंच बोट वापरत असायचा. नवे विद्यार्थी घाबरायचे. त्यांना वाटायचं भिंतीला भोक आहे.

क्लासमध्ये बाहेरचं कामही यायचं. कुणाचा अर्ज, कुणाचा अहवाल, कुणाचं भाषण. त्या कागदांत एखादा भारदस्त इंग्रजी शब्द दिसला की अण्णांना राहवायचं नाही. जुन्या फाइलीचा पुठ्ठा कापून ते त्यावर तो शब्द टाइप करायचे, भोक पाडून दोरा ओवायचे आणि कार्ड स्वयंपाकघराच्या चौकटीतल्या खिळ्याला लटकवायचे. रात्री जेवताना त्याचा अर्थ सांगायचे आणि मग खेळ सुरू व्हायचा.

खेळ असा की तो शब्द वाक्यात वापरायचा. वाक्य मराठीच, पण शब्द चपखल बसायला हवा आणि मुख्य म्हणजे अख्खं वाक्य खरं हवं. मनाने रचलेलं चालायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या, जितीजागत्या गोष्टीबद्दल बोलायचं, आणि तेही जेवणाच्या टेबलाशी बसून. अंथरुणात लोळत, जिन्यात, न्हाणीघराच्या दारातून ओरडून सांगितलेला शब्द ऐकला जात नसे. ज्याच्याबद्दल वाक्य असेल तो म्हणेल खरं की खोटं. खरं ठरलं तर कार्ड उतरायचं आणि बोलणाऱ्याचं व्हायचं. खोटं ठरलं तर कार्ड पुन्हा खिळ्यावर, आणि त्या माणसाने त्या शब्दाला वर्षभर हात लावायचा नाही.

आई शाळेत फार शिकलेली नव्हती, पण या खेळात तिच्यापुढे भले भले गार. नळ दुरुस्त करायचं काम अण्णा आज-उद्या करत ढकलत होते, तेव्हा तिने आमटीचा डाव खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "हा नळ गळतोय, कारण माझा नवरा प्रोक्रॅस्टिनेट करतो." अण्णांना 'खरं' म्हणावं लागलं. कार्ड आईने उतरवलं आणि नळ दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त झाला.

नॉनॅजेनेरियन हा शब्द आला एका सत्काराच्या भाषणातून. अण्णांनी तो फार आवडीने समजावून सांगितला होता. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती, पण तिला तो सूर अजून आठवतो.

"नव्वद पूर्ण झालेला आणि शंभरी न गाठलेला माणूस," अण्णा म्हणाले. "ऐंशीवाल्यांचा शब्द वेगळा, शंभरीवाल्यांचा वेगळा. आणि हा शब्द गप्पांत उगाच वापरायचा नाही. म्हातारा म्हटलं तर त्यात लाड असतो, नाही तर राग असतो. या शब्दात अदब आहे. सभेत, भाषणात, चार लोकांसमोर, जरा ताठ बसून म्हणायचा शब्द आहे हा."

"आणि नव्वद वर्षांच्या माणसाने स्वतःलाच म्हटलं तर?" दादाने विचारलं. त्याला पळवाटा शोधायची खोड पहिल्यापासून.

"छे! स्वतःची पाठ स्वतःला थोपटता येते का? दुसऱ्या कुणीतरी आपल्याबद्दल म्हणायचं, तेव्हा त्याची शोभा."

झालं. दोघं भावंडं नव्वदीतलं माणूस शोधायला बाहेर पडली. त्या काळात इतकं जगायचं कोण? पहिला सापडला कोपऱ्यावरचा किल्लीवाला. दाढी बघून दादाची खात्रीच पटली. "नव्वद?" किल्लीवाला म्हणाला. "चहा पाजणार असाल तर शंभर म्हणा." अण्णांसमोर उभा केल्यावर मात्र त्याने कबूल केलं की तो सदुसष्ट वर्षांचा आहे आणि दाढी त्याने फक्त ब्लेडचे पैसे वाचवायला ठेवली आहे. मग वरच्या गल्लीतली सुईण. तिला वय विचारल्यावर ती फडकं घेऊन दादाच्या मागे लागली. "तुला या हातांनी बाहेर काढला रे, आणि माझंच वय विचारतोस?" असं ती जिन्यापर्यंत ओरडत होती, आणि धाकटी जिन्याखाली लपून हसत होती.

शेवटी शिंप्याची आई सापडली. खरीखुरी जख्ख म्हातारी, वाळलेली, दुकानाच्या पायरीवर उन्हात बसणारी. शिंपी स्वतः म्हणाला की आई नव्वदीच्या पुढे आहे. दोघांनी धावत जाऊन तिच्यासाठी अण्णांना बोलावून आणलं. म्हातारीला सन्मानाने घरी जेवायला बोलावलं, टेबलाशी बसवलं, आणि दादाने घसा साफ करून वाक्य म्हटलं, "आमच्या गल्लीत एक नॉनॅजेनेरियन राहते, ती आज आमच्याकडे जेवते आहे." अण्णांनी म्हातारीला अर्थ सांगून विचारलं, खरं की खोटं?

म्हातारीने बराच विचार केला. "मला काय माहीत बाबा," ती म्हणाली. "माझा जन्म झाला तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही. मुलगा म्हणतो नव्वद. पण तो शिंपी आहे, मापात दोन बोटं जास्तच धरतो."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कार्ड खिळ्यावर परत गेलं आणि तिथेच राहिलं. बाकीचे शब्द आले, उतरले, जिंकले गेले. हा एक तेवढा कुणाला मिळाला नाही. अण्णांना साठी जेमतेम दिसली. आईने सत्तरी ओलांडली. क्लास बंद झाला, यंत्रं विकली गेली, आणि दादाने घर बदलताना एक यंत्र आणि ते कार्ड तेवढं बरोबर नेलं. मग जिथे जिथे तो राहिला तिथे आधी खिळा ठोकला गेला. वहिनी नवी नवरी होऊन आली तेव्हा तिलाही हा खेळ शिकवला, आणि आठवड्याच्या आत तिने "माझा नवरा ऑब्स्टिनेट आहे" असं म्हणून पहिलं कार्ड मिळवलं. दादाचा हट्टीपणा ओळखून असलेलं सगळं घर एकमुखाने 'खरं' म्हणालं होतं. धाकटीला ते हसणं आठवलं आणि त्या टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्याही आठवल्या.

आत दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चादरीखाली इतका थोडासा उरला होता की धाकटीला क्षणभर उशांचीच रांग वाटली.

"आलीस?" तो न वळता म्हणाला. पावलांवरून ओळखलं असणार. "कुणी बोलावलं तुला?"

"तुझ्या सुनेने. रडवतोस म्हणे तिला."

"मी काय केलं? मी नुसता पडलोय."

"तेच." तिने खुर्ची ओढली. "पुढच्या महिन्यात नव्वद पूर्ण होतायत. कार्ड उतरवायला आलेय मी."

त्याने चादर खांद्यापर्यंत ओढली. मग तो म्हणाला, "कशाला हवीय ती नव्वदी? माझा कंटाळा आलाय मला, धाकटे. खेळायला कोण उरलंय? जा, खिळ्यावरून घेऊन टाक कार्ड. तुझं झालं."

"फुकटात? अण्णांनी ऐकलं असतं तर?"

"अण्णा नाहीत."

"तू आहेस ना," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज अचानक चिरकला. रागावून बोलायचं ठरवलं होतं, ते जमेना. "तू गेलास तर मला कोण म्हणणार, सांग. स्वतःला म्हणता येत नाही. मी नव्वदची होईन तेव्हा माझी मुलं केक आणतील, फोटो काढतील, पण तो शब्द कुणाला ठाऊक आहे? आणि धाकटी तरी कोण म्हणेल मला? तू गेलास की मी कुणाचीच धाकटी नाही. नुसती म्हातारी."

दादाने तोंड भिंतीकडेच ठेवलं. पण सूप आलं तेव्हा चार चमच्यांऐवजी अर्धी वाटी गेली, आणि सुनेने डोळे मोठे करून आत्याकडे बघितलं.

पुढचे काही दिवस धाकटीने गोडीगुलाबीने बघितलं, दरडावून बघितलं, पथ्याचं आणि बिनपथ्याचं करून बघितलं. दादा थोडं खायचा, पण उठायचा नाही. टेबलाशी यायचं नाव नाही. "शब्द अंथरुणात ऐकला जात नाही," ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "बघू." हे 'बघू' वहिनी असती तर तिने एका शब्दात मोडून काढलं असतं.

मग धाकटीला माळ्यावरचं अण्णांचं यंत्र आठवलं. दादाच्या मुलाने ते खाली काढून दिलं, सुनेने धूळ पुसली. रिबन सुकून कडक झाली होती, म्हणून धाकटीने कार्डावर कार्बनचा कागद ठेवून ती दोन्ही एकत्र रोलरमध्ये घातली, अण्णा अडीअडचणीला करायचे तसं. यंत्र बाहेर टेबलावर होतं, दादाच्या खोलीचं दार उघडं. ती टाइप करायला बसली. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, सवय कधीच गेलेली. टक. टकटक. टक्. मग एकाच वेळी दोन दांड्या अडकल्याचा कडकड आवाज.

तिने पुन्हा सुरू केलं. मुद्दाम वाईट करायची गरजच नव्हती, होतंच होतं वाईट.

"शिफ्ट सोडलीस," आतून आवाज आला.

तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. टक. टक. कडकड.

"अगं, दांड्या अडकल्यात! ओढू नकोस! वाकतील त्या!"

"मला नाही दिसत रे काय अडकलंय ते."

"हात लावू नकोस म्हणतो ना!"

आणि मग पलंगाची कुरकूर झाली. सून स्वयंपाकघरातून धावत निघाली होती, तिला धाकटीने हातानेच थांबवलं. बराच वेळ सपाता शोधल्याचा आवाज आला. मग दारात दादा उभा राहिला, चौकटीला धरून, पायजम्याची नाडी लोंबत असलेला, केस पिंजारलेले आणि चेहऱ्यावर हुबेहूब अण्णांचा संताप. भिंत धरत धरत तो टेबलाशी आला, खुर्चीत बसला आणि एकेक दांडी सोडवली.

"लग्नाच्या आधी चांगलं टाइप करायचीस," तो म्हणाला.

"लग्नाच्या आधी गुडघेही चांगले होते."

त्या दुपारी तो टेबलाशी जेवला. दुसऱ्या दिवशीही आला, कारण धाकटीने नवा शब्द टाइप करून खिळ्याला लावला होता आणि त्यात एक अक्षर चुकलं होतं. ते त्याला सहन होणं शक्य नव्हतं. मग रोज एक कार्ड सुरू झालं. सूनही खेळायला लागली. "बाबा आज थोडे मॅग्नॅनिमस वाटतायत, दोनदा भात घेतला," असं ती म्हणाली, तेव्हा दादा म्हणाला की भात घेण्यात कसला आलाय मोठेपणा, शब्द चुकला, खिळ्यावर. आणि हसला. सुनेने लगेच फोन करून नवऱ्याला त्या हसण्याबद्दल सांगितलं.

सगळं छान चाललं होतं. धाकटीने आपलं वाक्य तयार ठेवलं होतं. तयार म्हणजे काय, जवळजवळ पाऊणशे वर्षं ते कुठेतरी मनात घोळतच होतं, आता नुसता माणूस तेवढा बसवायचा होता. *आमच्या घरातला पहिला नॉनॅजेनेरियन माझा दादा आहे, आणि तो अजून मला धाकटी म्हणतो.* त्यात काही खोटं नव्हतं. ती आंघोळ करताना म्हणून बघायची, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणून बघायची.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत कोचावर कलंडली होती. तिचा डोळा लागलाय असं सगळ्यांना वाटलं. आत सून दादाची उशी बदलत होती, आणि दादा तिला म्हणाला, "उद्याचं एकदा होऊन जाऊ दे. धाकटी लहानपणापासून वाट बघतेय. तेवढ्यासाठी आलो उठत-बसत. कार्ड उतरलं की झालं. मग मला कुणी उठवायचं नाही, सांगून ठेवतो. तिलाही समजावून सांग."

"बाबा, असं का बोलता?"

"दमलोय गं मी. तिच्यासाठी तेवढं केलं. आता पुरे."

धाकटी हलली नाही. डोळे मिटलेले होते तरी पाणी यायचं ते आलंच आणि कानात शिरलं. तिला वाटलं होतं, आपण त्याला उठवलं. खरं तर तोच आपल्या धाकट्या बहिणीचा हट्ट पुरवत होता, लहानपणी पुरवायचा तसा. उद्या ती तोंड उघडणार, कार्ड खाली येणार, आणि मग तो समाधानाने भिंतीकडे वळणार. आणि वाक्य म्हणायचंच नाही असं तरी कसं चालेल? तो रुसला असता, किंवा सरळ विचारलं असतं की का म्हणत नाहीस, आणि तिला त्याच्याशी खोटं बोलणं कधीच जमलं नव्हतं. खोटं बोलण्यात घरात एकच माणूस पटाईत होता.

तो माणूस म्हणजे दादा, आणि तिथे तिला बिस्किटांचा डबा आठवला.

ती कथा घरात इतक्यांदा झाली होती की भाच्यालाही पाठ होती. क्लासमधली एक मुलगी परीक्षा पास झाली म्हणून तिने धाकटीला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला होता. लहानग्या धाकटीने काटकसरीने रोज एकच बिस्किट खायचं ठरवलं. आठवडा व्हायच्या आत डबा रिकामा. दादाने उंदरावर आळ घेतला. अण्णांनी विचारलं, उंदीर जाताना झाकण लावून जातो का? दादा म्हणाला, काही उंदीर शहाणे असतात. त्याने मार खाल्ला, पण कबूल केलं नाही. नोकरीला लागला, लग्न केलं, आजोबा झाला, तरी नाही. वहिनीने शपथ घातली तरी उंदीरच. वर त्याच डब्यात त्याने आपली जिंकलेली कार्डं ठेवली, हे धाकटीला जास्त लागलं होतं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी ऊन चांगलं आलं होतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसला होता. गळा सैल झाल्यामुळे कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती. मुलगा कामावर उशिरा जाणार होता. सुनेने चहा केला, बशांमध्ये बिस्किटं ठेवली. दादाने आपल्या बशीकडे बघितलंही नाही. त्याचं लक्ष चौकटीतल्या खिळ्याकडे होतं.

"हं," तो म्हणाला. "म्हण."

धाकटी ताठ बसली. अण्णांनी सांगितलं होतं तसं, सभेत बसल्यासारखी. तयार ठेवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. इतकं सुंदर वाक्य तिला आयुष्यात पुन्हा सुचणार नव्हतं. ते तिने गिळलं.

"माझ्या नॉनॅजेनेरियन दादाने," ती म्हणाली, "लहानपणी माझी बिस्किटं खाल्ली नाहीत."

मुलाला हसू फुटलं. सून गोंधळून बघत राहिली. दादा मात्र हसला नाही. त्याने धाकटीकडे बघितलं, आणि तीही त्याच्याकडे बघत राहिली, डोळे न हलवता. त्याला कळायला वेळ लागला नाही. या घरात खेळाचे नियम कुणाला समजावून सांगावे लागत नसत. आयुष्यभर सांगत आला तेच आज सांगितलं, 'खरं' एवढंच म्हटलं, की वाक्य खरं, कार्ड खाली, आणि मग त्याला कुणी उठवणार नव्हतं. आणि खोटं म्हटलं, तर वर्षभर थांबायचं.

चहावर साय धरली. टेबलावर त्याची बोटं एका जागी नव्हती, जणू तिथे अक्षरांच्या कळा होत्या.

"कोचावर झोपली नव्हतीस तू काल," तो हळूच म्हणाला.

"नव्हते."

"हे बरोबर नाही, धाकटे."

"वाक्य माझं आहे. तू फक्त खरं की खोटं ते सांग."

दादाने खिळ्यावरच्या कार्डाकडे बघितलं. मग सुनेकडे, जी पदराने नाक पुसत होती. मग मुलाकडे. मग पुन्हा आपल्या बहिणीकडे, तिच्या वाकड्या बोटांकडे, हनुवटीकडे, जी रडू आवरताना नवव्या वर्षी थरथरायची तशीच आत्ता थरथरत होती.

"खोटं," तो म्हणाला.

"काय?"

"खोटं आहे. खाल्ली. सगळी मीच खाल्ली. शेवटचं तर तू दारात आलीस तेव्हा तोंडात होतं." त्याने दीर्घ श्वास घेतला. "उंदीर नव्हता."

मुलगा उठून उभाच राहिला. "बाबा!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. धाकटीने तोंडावर हात घेतला. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

"म्हणजे कार्ड खिळ्यावरच," ती कशीबशी म्हणाली.

"खिळ्यावरच. आणि तू वर्षभर हात लावायचा नाहीस."

"पुढच्या वर्षी म्हणेन. पण तू टेबलाशी हवास."

"बघू," दादा म्हणाला. मग सुनेकडे वळून म्हणाला, "हा चहा गार झालाय. दुसरा टाक."

सून जवळजवळ पळतच आत गेली. नवा चहा आला. दादाने स्वतःची बशी बाजूला सारली, हात लांबवून धाकटीच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि तिच्या डोळ्यांदेखत चहात बुडवून खाल्लं.